बावीस अक्षरं

आत्तोबांच्या कविता कोरायला डोंगरावरच्या विहारातून सात भिक्षू आले आणि माझ्या स्वयंपाकघराची दैना झाली. मांस खात नाहीत ते ठीक, पण यांना कांद्याची पात चालत नाही, लसूण चालत नाही, आणि भूक मात्र नांगरावरच्या बैलाची. जवाचा भात, आंबवलेल्या सोयाबीनचं सार आणि मुळ्याचं लोणचं एवढ्यावर मी सात धडधाकट माणसं दोन महिने जगवली.

त्यांचा म्होरक्या हेउन. साठीचा, टकलावर डाग, बोटं झाडाच्या मुळांसारखी. नाशपातीच्या लाकडाची फळी मांडीवर घ्यायचा, पातळ कागदावर नकललेली कविता तिच्यावर उलटी चिकटवायचा आणि अक्षराभोवतीचं लाकूड काढत बसायचा.

"बाईसाहेब, आज सारात मीठ विसरलात," तो म्हणायचा.

"विरक्त माणसाला मीठ कशाला हवं?"

"विरक्त मी आहे. माझी जीभ अजून संसारात आहे."

आत्तोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, ग्वाक साहेब. आमच्या बामगोल गावात शिरताना लाल कमान लागते ती त्यांच्या नावाची. राजाचं चुकलं तर ते राजाच्या तोंडावर सांगायचं, आणि कुठला अधिकारी आचार सोडून वागला तर त्याच्यावर बोट ठेवायचं, अशी ज्यांची नोकरी असते त्यांच्यातले ते. अठरा वर्षं त्यांनी ती केली, दोनदा हद्दपार होऊन आले. पण कमान त्याच्यासाठी नाही. त्यांची आई वारली तेव्हा ते थडग्याशेजारी गवताची झोपडी बांधून राहिले, पंचवीस महिने, पेजेवर, तागाच्या एका कपड्यावर. कन्फ्युशियसने सांगितलेला आचार सगळेच तोंडाने म्हणतात. यांनी तो अंगावर काढला. मग तालुक्याने वर लिहिलं, राजाने कमान दिली, त्या घराची सरकारी वेठ कायमची माफ झाली.

आणि कविता. शाळेतली मुलं त्या पाठ करतात. माणसाची परीक्षा चारचौघांत होत नाही, दार लावल्यावर होते; रिकाम्या खोलीतही ताठ बसावं, असं सगळ्या कवितांमधून फिरून फिरून येतं. मलाही निम्म्या पाठ आहेत. मला वाचता येतं. माझ्या बाबांनी मला गुपचूप शिकवलं होतं, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं, बाहेर कुणाला नाही.

खरं सांगायचं तर मला आत्तोबा आवडायचे नाहीत. आमची घरं शेजारी, मध्ये छातीएवढी मातीची भिंत. राजधानीतून आले की ते गावातल्या कुत्र्याचीसुद्धा विचारपूस करायचे, पण मी समोर आले की त्यांना आकाशात काहीतरी दिसायचं. माझं लग्न झालं, नवरा आमच्याच घरी राहायला आला आणि आमच्याच घरी तापाने गेला. मूलबाळ झालं नाही. आई-बाबाही गेले. या सगळ्यात आत्तोबा माझ्याशी एकूण दहा वाक्यं बोलले असतील, आणि त्यांतली सहा हवापाण्यावर होती.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. जाण्याआधी त्यांनी आपल्या कविता स्वतः ओळीने लावल्या, कापडात बांधल्या आणि मुलाला, जूबेकदादाला, सांगितलं: या कोरून छापायच्या, यातलं अक्षर गाळायचं नाही, बदलायचं नाही, क्रम मोडायचा नाही.

जूबेकदादा आता त्रेपन्न वर्षांचा. तालुक्याच्या शाळेत मास्तर, मवाळ माणूस, बापाच्या सावलीत वाढल्यामुळे थोडा फिकट. सुतकात कविता करायची नसते आणि वाचायचीही नसते, म्हणून सत्तावीस महिने त्याने गाठोड्याला हात लावला नाही. सुतक फिटल्यावर तरी बघेल की नाही? तर नाही. जे गाळायचंच नाही ते आधी वाचायचं कशाला, उगाच मन चळायचं, असं म्हणून त्याने गाठ न सोडता ते हेउनच्या हातात दिलं. बापाच्या शब्दाला इतका मान आमच्याकडचीच माणसं देऊ जाणोत.

फळ्या कोरून झाल्यावर एकेक ठसा काढून तो मूळ कागदाशी ताडून पाहायचा असतो. दादाच्या डोळ्यांवर पडदा आलेला, हाताएवढ्या अंतरावरचं त्याला धुरकट दिसतं. मग मूळ कागद शेजारी ठेवून मी ठसा वाचायची आणि तो मान डोलवायचा. दिवसाला तीस-चाळीस फळ्या होत. आत्तोबांचे शिष्य तीन दिवसांनी पुण्यतिथीला येणार होते, त्यांच्या हातात प्रती द्यायच्या होत्या.

त्या दुपारी एकशे सतरावी फळी आली. मी वाचायला लागले.

"भिंतीपलीकडे मूल हसतं, हातातला कुंचला थांबतो.
रिकाम्या खोलीत ताठ बसा, असं मी लोकांना सांगतो.
आज खोली रिकामी नाही, हसू आत येऊन बसलं आहे.
त्याच्याकडे पाठ करून बसलो. ओळ पुरी झाली नाही."

"वा," दादा म्हणाला. "ही कधी ऐकली नव्हती. बाबा असं हळवं लिहायचे?"

कवितेखाली बारीक अक्षरांत टीप होती. बावीस चिनी अक्षरं, एकेक अक्षर म्हणजे एकेक शब्द. मी ती मनात वाचली आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"थांबलीस का? काही चुकलंय?"

"टीप आहे."

"मग वाच की."

मी वाचली. "ही मुलगी माझी, सुतकातली. जन्मली त्याच दिवशी शेजारी दिली. हानच्या विरुद्ध सही करताना मी हे बोललो नाही."

बाहेर सहा भिक्षूंच्या छिन्न्या टकटक चालल्या होत्या. दादा मान डोलवायची तशीच डोलवत राहिला, मग थांबला. आमच्याकडे कुणालाही झोपेतून उठवून विचारा, महिने मोजता येतात. दादाची आजी वारली वर्षाच्या तिसऱ्या महिन्यात. दोन वर्षांनी तिसऱ्या महिन्यात मोठं वर्षश्राद्ध झालं, आत्तोबा झोपडी सोडून घरी आले. तरी सुतक पुरतं फिटायला दोन महिने होते आणि तोवर नवरा-बायकोने वेगळ्या खोल्यांत झोपायचं असतं. पंचवीस महिने त्यांनी थंडीवारा सोसला. घसरले ते त्या दोन महिन्यांत. त्याच वर्षाच्या बाराव्या महिन्यात मूल.

"तुझा जन्म..." दादा म्हणाला.

"बाराव्या महिन्यातला. तेविसावा दिवस."

त्यांच्या घराशेजारी एकच घर आहे, माझंच.

तो उठला, त्याने दार लावलं आणि परत येऊन माझ्यासमोर बसला. माझा चेहरा त्याला धड दिसतही नव्हता, तरी बघत होता.

"मला तो दिवस आठवतो," तो म्हणाला. "मी सात वर्षांचा होतो. बाबांनी मला पाठ म्हणायला बसवलं. म्हणाले, मोठ्याने म्हण. मी म्हटलं. म्हणाले, अजून मोठ्याने. माझा घसा बसला. मला वाटलं, माझ्यावर खूश आहेत."

माझं पहिलं रडणं या माणसाने झाकलं होतं आणि त्याला ते आज कळत होतं. त्याच्यावर चिडू की त्याच्या पाठीवरून हात फिरवू, मला समजेना.

मग तो म्हणाला, "ही फळी जाळायला हवी."

"आणि आज्ञा? अक्षर गाळायचं नाही म्हणून गेलेत ते."

"अगं, बापाचा दोष मुलाने झाकायचा, हाही आचारच आहे."

"दोष होय? मी तुझ्यासमोर बसलेय, दादा. मी दोष?"

तो हळूहळू बोलायला लागला, आणि जे बोलला ते खोटं नव्हतं. राजधानीत बापाचे वैरी अजून जिवंत आहेत. त्याचा मुलगा येत्या वसंतात सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणार, त्याचं नाव यादीतून जाईल. कमान पाडतील. कमान पाडली की अख्ख्या गावाची मान खाली जाईल.

"पाडू देत. मी ती कमान मागितली नव्हती. सेहेचाळीस वर्षं त्या कमानीखालून मी पाणी आणलंय. फळी राहील तशी राहू दे."

"इप्पुन—"

"दादा, तुझे बाबा गेले तेव्हा तू काय नेसला होतास?"

"ताग."

"आणि मी साधं पांढरं सूत. आत्याच्या नवऱ्याचं सुतक मला लागत नव्हतं. तू रडायला ओट्यावर होतास, मी मागे चुलीवर दोनशे माणसांचा मांसाचा रस्सा शिजवत होते. तिसऱ्या दिवशी कुणाची तरी बायको काहीतरी बोलली आणि मी खदखदून हसले. माझा बाप आत पडला होता आणि मी हसत होते. ते कोण भरून देणार?"

त्याने डोळे पुसले. मी ठसा आणि आत्तोबांच्या हातचा मूळ कागद उचलला आणि आत्याकडे गेले.

आत्या चौऱ्याहत्तरची. माजघरात उन्हाच्या पट्ट्यात बसून पुण्यतिथीच्या ताटासाठी सुके चेस्टनट सोलत होती. मी कागद तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत नाही, पण नवऱ्याचं अक्षर ती ओळखते. तिने नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"लिहून ठेवलं का शेवटी," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, रडेल, निदान दचकेल. मी तयारीने गेले होते. तिच्या त्या थंड बोलण्यासमोर माझी तयारी कुठे गेली कळलं नाही.

"मला का दिलंत?"

"तुझी आई त्याच आठवड्यात बाळंत झाली होती. तिचं मूल जन्मतःच गेलं. माझ्या भावाने ते रातोरात पुरलं, कुणाला सांगितलं नाही. मग सकाळी तू झालीस. सुइणीने तुला माझ्या हातात दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. मला विचारलं कुणी? त्या घरात सगळे ग्रंथ वाचलेले, एकाने विचारलं नाही."

"आणि तुम्ही शेजारी बसून बघत राहिलात."

"बघत राहिले." तिने टरफलं एका बाजूला सारली. "तू तिकडे रडलीस की इकडे मला पान्हा फुटायचा. छातीला फडकं आवळून बांधायची आणि पाहुण्यांना वाढायची. दोन महिने. पुढे दूध आटलं. तुझं रडणं ऐकायची सवय काही आटली नाही."

मला खूप बोलायचं होतं. लहानपणी मी भिंतीवर चढून तिच्याकडे खाऊ मागायची आणि ती मला खाली उतर म्हणून ओरडायची, ते आठवलं. माझ्या लग्नात तिने मला सगळ्यांत जाड रजई दिली होती, आणि आई म्हणाली होती, बघ, आत्याचा तुझ्यावर किती जीव. आईचा आवाज तेव्हा जरा चिरका झाला होता. मी तेव्हा काही समजले नाही.

"हान कोण?" मी विचारलं.

आत्याने सुरी आणखी दूर सारली. मग म्हणाली, "एका तालुक्याचा अधिकारी होता. त्याच्या बापाच्या सुतकात त्याच्या बायकोला मूल झालं. कुणीतरी चुगली केली. तुझ्या आत्तोबांच्या कचेरीतून अर्ज गेला की असल्या माणसाला नोकरीत ठेवू नये, त्याच्या मुलानातवंडांना परीक्षेला बसू देऊ नये. सह्या पाच जणांच्या. त्यांतली एक यांची."

"त्यांनी सही केली?"

"केली. तीन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, नसती केली तर? म्हणाले, तर विचारलं असतं, का नाही केली." तिने बाही नीट केली. "त्या बाईचं काय झालं माहीत आहे? हानच्या बायकोचं? कचेरीच्या अंगणात चटईवर बसवली आणि कारकुनांनी विचारलं, कुठल्या रात्री? किती वेळा? सुईण बोलावली, मोलकरीण बोलावली. पन्नास माणसं कुंपणाला टेकून ऐकत होती. यांनीच मला येऊन सांगितलं हे सगळं. सांगताना भिंतीकडे तोंड करून बसले होते."

"मग तेव्हा बोलायचं होतं त्यांनी."

"बोलणारच होते. कपडे घालून निघाले होते राजाकडे. मी पाय धरले. म्हटलं, त्या चटईवर उद्या मी बसेन. मी जिवंत आहे तोवर नको. त्यांनी कबूल केलं." ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "आता बघ. मी अजून जिवंत आहे आणि हे कोरून ठेवा सांगून मोकळे झाले. सज्जन माणसाला फार घाई असते गं, आपलं मन स्वच्छ करायची. ते धुतलेलं पाणी कुणाच्या अंगावर जातं ते बघायला तो थांबत नाही."

माझ्या हातातला कागद मला जड झाला. इतका वेळ मी त्या बावीस अक्षरांकडे माझ्या जन्माचा दाखला म्हणून बघत होते. त्यांनी माझ्यासाठी लिहिलं, मरताना का होईना मला जवळ घेतलं, असं मला वाटत होतं. त्यांनी ते स्वतःसाठी लिहिलं होतं. रिकाम्या खोलीत ताठ बसता यावं म्हणून.

पण "ही मुलगी माझी" हे शब्द त्यांचे होते, तेही खरं.

"जूबेक काय म्हणतो?"

"फळी जाळायची म्हणतो."

"आणि तू?"

"मी म्हटलं, राहू दे."

आत्याने पुन्हा सुरी उचलली, एक चेस्टनट हातात घेतलं आणि सोललं नाही.

"मग राहू दे," ती म्हणाली. "चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला काय विचारून विचारणार आहेत? मी बसेन चटईवर. सांगेन, अमुक रात्री. मला ती रात्र पाठ आहे. तुझं नाव तर राहील पोरी."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. तिच्या पाठीला पोक आहे, बसली की गुडघे कानाशी येतात. ती त्या कचेरीच्या अंगणात कशी बसेल, कुठल्या बाजूला टेकेल, ऐकू येत नाही म्हणून कारकून तोच प्रश्न किती मोठ्याने पुन्हा विचारेल, हे मला स्पष्ट दिसलं. कुंपणाला टेकलेल्या माणसांमध्ये मी असेन.

मी कागदाची घडी घालून उठले.

बाहेरच्या अंगणात हेउन एकटाच होता. बाकीचे ओढ्यावर तोंड धुवायला गेले होते. एकशे सतरावी फळी त्याच्या शेजारी पालथी ठेवलेली.

"तुम्ही हे वाचलं होतंत," मी म्हटलं.

"मी उलटं कोरतो बाईसाहेब. उलटं वाचलेलं डोक्यात राहत नाही."

"खोटं बोलता. भिक्षूंना खोटं चालतं?"

"चालत नाही. म्हणून ती फळी चार दिवस ढिगाच्या तळाशी ठेवली होती. म्हटलं, तोवर घरच्यांना काहीतरी सुचेल." त्याने छिन्नी पुसली. "काय सुचलं?"

तेवढ्यात दादा बाहेर आला. हातात जळती काडी, फळी पेटवायला. मी त्याला म्हटलं, "कविता राहील. टीप जाईल."

"आणि शिष्यांनी विचारलं, टीप कुठंय, तर?"

"टीप होती हे कुणाला माहीत आहे? कोऱ्या जागेबद्दल विचारलं तर लाकडात गाठ होती म्हणून सांग. मूळ कागद मात्र माझ्याकडे राहील."

"तो कशाला? तोही जाळू."

"नाही. तो माझ्याबरोबर पुरायचा. एवढं तू करायचंस. मी आधी गेले तर माझ्या बाहीत ठेवायचा, आणि तू आधी गेलास तर तुझ्या मुलाला न वाचता ठेवायला सांगायचं. न वाचता ठेवायची तुमच्या घराला सवय आहे."

दादा खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली आणि लगेच त्या सुटकेची लाजही. "इप्पुन, तू तर म्हणत होतीस..."

"म्हणत होते."

"आईने मागितलं का तुझ्याकडे?"

"तिने नाही मागितलं. ती बसायला तयार आहे." मी तो कागद बाहीत सरकवला. "म्हणून."

हेउनने छिन्नी उचलली, फळी मांडीवर घेतली आणि मग माझ्याकडे धरली. "मी अक्षर काढत नाही. कोरलेलं माझं, काढायचं ते घरच्याने काढावं. अशी काही रीत नाही, पण मला बरं वाटेल."

"तिला जमेल?" दादाने विचारलं.

"वीतभरही लाकूड नाही, अक्षराची उंची तांदळाच्या दाण्याएवढी. जमेल."

मी जमिनीवर बसले. फळीवर सगळं उलटं दिसतं, तरी मला ते वाचता आलं. शेवटापासून सुरुवात केली. आधी सही गेली, मग हान गेला. हान जाताना मी थांबले. त्या माणसाची नातवंडं कुठेतरी असतील, हुशारही असतील, आणि परीक्षेच्या दारावरून परत फिरत असतील. या बावीस अक्षरांनी त्यांना दार उघडलं असतं असं नाही, पण राजधानीत निदान कुणीतरी म्हणालं असतं की सही करणाराच तसा होता. माझ्या आईला चटईवर बसवायचं नाही म्हणून मी त्यांच्या आजीला पुन्हा तिथेच बसलेली सोडली. हे मी जाणूनबुजून केलं. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे सांगते.

लाकूड सुकलेलं होतं, कापराच्या वड्यांसारखे तुकडे पडत होते. शेजारी दिली, गेलं. सुतकातली, गेलं. "ही मुलगी माझी" एवढं राहिलं तेव्हा दादा म्हणाला, "ते मी काढतो."

"तुला दिसत नाही," मी म्हटलं. मीच काढलं.

तीन दिवसांनी शिष्य आले. चौदा जण, टोप्या घालून, वयाने पिकलेले. प्रती वाटल्या गेल्या. एकशे सतराव्या पानावर ते थांबले, तसे थांबणारच. सगळ्यांत म्हातारा शिष्य मोठ्याने वाचून म्हणाला, "बघा, शेजारच्या मुलावरसुद्धा गुरुजींची केवढी माया. हा आपला, तो परका असा भेदच नव्हता त्यांच्यापाशी." सगळ्यांनी माना डोलवल्या. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. कोऱ्या जागेबद्दल एकानेच विचारलं, आणि लाकडातली गाठ त्याला पटली.

मी वाढत होते. गावातल्या दोन बायका मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "अगं, तू भाग्याची. तुमच्या घरात तेव्हा तूच एक मूल होतीस. म्हणजे ती कविता तुझ्यावरच." मी म्हटलं, हो, असेल.

सगळे गेल्यावर मी आत्याकडे गेले. ती दमून भिंतीला टेकून बसली होती.

"झालं?"

"झालं."

"काय ठेवलंस?"

"कविता ठेवली. बाकी काढलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी टीप राहू देईन अशी तिने खरंच तयारी केली होती, हे तिच्या पायांशी धुऊन घडी घातलेल्या जाड चादरीकडे बघून मला कळलं. चटईवर गुडघ्यांखाली घ्यायला.

"वेडी आहेस," ती म्हणाली. तिने चादर मागे सरकवली. "दार लाव."

मी दार लावलं.

"आता कुणी नाही. एकदा म्हण."

काय ते मला विचारावं लागलं नाही. मी तिच्यासमोर बसले, तिचे दोन्ही हात धरले. सेहेचाळीस वर्षं तो शब्द मी दुसऱ्या बाईला दिला होता, जी मला छातीशी धरून झोपली, जिच्यासाठी मी ताग नेसले. तो शब्द आता माझ्याकडे उरलेलाच नव्हता. मी तोंड उघडलं, जीव लावून उघडलं.

"आत्या," मी म्हणाले.

तिने माझे हात सोडले नाहीत. "बरं," ती म्हणाली. "बरं. उद्या म्हण."

उद्या झालं, परवा झालं. ती पुढच्या हिवाळ्यात गेली. दादा ओट्यावर रडायला होता, मी मागे चुलीवर होते.